अर्विनला डिग्री नव्हती, हे खरंच आहे!

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगा अकरावी सायन्सला, क्लास बुडवून सर्पमित्रांच्या मागे फिरतो, परवा नाग हातात धरून रील टाकली, वडिलांना इंजिनिअरिंग हवंय आणि कुणी टोकलं की पठ्ठ्या म्हणतो, "स्टीव्ह अर्विनला तरी कुठे डिग्री होती?" तुमच्या पत्राचं सार हेच ना?

टीव्हीवर मगरी पकडणाऱ्या त्या ऑस्ट्रेलियन अर्विनबद्दल त्याचं म्हणणं खरं आहे, डिग्री नव्हती. पण घर कसलं होतं तेही बघा. वडील बॉब प्लंबर, आई लिन नर्स. 1970 मध्ये दोघांनी मेलबर्न सोडून क्वीन्सलँडमध्ये बीरवाला सरपटणाऱ्या प्राण्यांचं छोटं उद्यान काढलं. सहाव्या वाढदिवसाला पोराला भेट काय, तर बारा फुटी अजगर! नवव्या वर्षी पहिली मगर धरली, तीही वडिलांच्या देखरेखीखाली. ऐंशीच्या दशकात सरकारच्या मगर व्यवस्थापन कार्यक्रमात तो स्वयंसेवक होता. वस्तीजवळ आलेल्या मगरी जिवंत पकडून हलवायच्या, हे त्याचं काम. टीव्हीवरची मालिका आली ती 1996 मध्ये. (तिचा पहिला भाग म्हणजे 1992 च्या मधुचंद्रात नवरा-बायकोने मगरी पकडल्या त्याचं चित्रीकरण. सूनबाईंची काळजी आत्तापासून नको.)

मुलाने न पाहिलेला अर्विन मात्र वेगळाच आहे. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर त्याने मगरींवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवले. एक मोठी मगर हेलिकॉप्टरने क्वीन्सलँडच्या उत्तरेकडच्या केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर नेऊन सोडली. काही महिने ती तिथेच रेंगाळली, मग निघाली आणि टोकाला वळसा घालून 20 दिवसांत 400 किलोमीटरहून जास्त पोहत मूळ नदीवर परत! म्हणजे मगर उचलून लांब सोडली की प्रश्न मिटला, हा समजच डळमळला. हा शोधनिबंध 2007 मध्ये प्रसिद्ध झाला आणि लेखकांमध्ये अर्विनचंही नाव आहे. तोवर तो गेला होता. 4 सप्टेंबर 2006 रोजी ग्रेट बॅरिअर रीफमध्ये चित्रीकरण चालू असताना स्टिंगरे या माशाचा शेपटीवरचा काटा छातीत घुसला. वय 44.

आता मुलाला एवढंच विचारा, "तुम्ही पकडलेला साप लांब नेऊन सोडता, त्याचं पुढे काय होतं?" उत्तर शोधावंसं वाटलं, तर पोरगा या क्षेत्रातला. नुसतं पकडण्यातच मजा असेल, तर तो कॅमेऱ्याचा नाद. त्या नादाने अर्विनलाही सोडलं नाही. 2004 मध्ये स्वतःचं महिन्याभराचं बाळ काखेत घेऊन त्याने मगरीला खाऊ घातलं, तेव्हा जगभरातून शिव्या खाल्ल्या.

रील आजच काढायला लावा. वनखात्याच्या परवानगीशिवाय साप पकडणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि नाग चावायला एक चूक पुरते.

माझा कल पशुवैद्यकाकडे आहे. बायोलॉजी ठेवू द्या. 'नीट' या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर बी.व्ही.एस्सी. ही पशुवैद्यकाची पदवी, साडेपाच वर्षं. तुमच्या सातारा जिल्ह्यातच शिरवळला सरकारी कॉलेज आहे. पुढे जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रासारख्या ठिकाणी असे डॉक्टर लागतात. 'नीट'मध्ये पुरेसे गुण पडले नाहीत, तर दापोलीला चार वर्षांचं बी.एस्सी. फॉरेस्ट्री (वनशास्त्र), त्यावर वनसेवेच्या परीक्षा देता येतात. संशोधनच करायचं असेल, तर पदवीनंतर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळूरचं एनसीबीएस हे जीवविज्ञानाचं संशोधन केंद्र. तिथे जागा मोजक्या आणि संख्याशास्त्राची चांगली बैठक लागते, म्हणून गणितही सोडू देऊ नका.

पैशाचं वडिलांना स्पष्ट सांगा. संस्थांमधून सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, इंजिनिअरशी तुलना करू नये. पशुवैद्यकाचं तसं नाही. वन्यजीवांचं काम लगेच मिळालं नाही, तरी गावोगावच्या गोठ्यांवर त्याची वाट बघणारे असतातच.