छाती जड, खांदे दुखतात

प्रश्न : मॅडम, वय ३८, पोरं दोन. दारव्ह्याकडचं खेडं आहे आमचं. छाती लय जड आहे. कापूस वेचताना मान-खांदे भरून येतात, पट्ट्यांचे वळ पडतात, घामानं खाली चट्टे उठतात. ऑपरेशननं कमी होते म्हणतात. जाऊबाई म्हणते, हे हिरोइनीचे चाळे. त्यानं कॅन्सर होते काय? वेचणीले कधी जाता येईल?

उत्तर : ताई, जाऊबाईंना एक दिवस तुमची कापसानं भरलेली ओटी बांधायला सांगा! हा दुखण्यावरचाच उपाय आहे. त्यानं कॅन्सर होत नाही. उलट काढलेला भाग तपासायला पाठवतात. आधी स्तनांची तपासणी होईल, गाठ असेल तर लपवू नका.

पूर्ण भूल देऊन दोन ते चार तास लागतात. व्रण कायमचे राहतात, फिके होतात. स्तनाच्या बोंडाची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजणंही कठीण जाऊ शकतं. आणखी मूल हवं असेल तर थांबा.

आता खरं सांगा, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाता का? आपल्याकडे बायका पदराआड खातात, मला ठाऊक आहे. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखम चिघळते, क्वचित बोंडही काळं पडतं. निदान महिनाभर आधी बंद करा आणि जखम भरेपर्यंत खर्ऱ्याला हात लावू नका.

सहा आठवडे जड उचलणं, वेचणी बंद. म्हणून दिवाळीनंतर नको, कापसाचा हंगाम संपून उलंगवाडी झाल्यावर करा. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये प्लास्टिक सर्जरी विभाग आहे. खर्चाचं तिथेच आधी विचारून घ्या.