पोपडे पडलेला पूल आणि रुंद केलेलं वळण : वाचकांचे प्रश्न

जुन्या पुलांची दुरुस्ती आणि महामार्गांची सुधारणा यांवर आलेल्या प्रश्नांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली : खर्च झाला, काम झालं, दुखणं मात्र जागच्या जागी. निदानाआधीच आराखडा तयार झाला की असं होतं. सारखे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

प्रश्न : काँक्रीटच्या जुन्या पुलाच्या गर्डरखालचे (पूल तोलणाऱ्या तुळईखालचे) पोपडे पडून सळया दिसू लागल्या होत्या. दुरुस्ती केली. नवा भाग अजून घट्ट आहे, पण दोनच वर्षांत त्याला लागून नवे पोपडे सुटले. काम निकृष्ट झालं का?

झालं असेलही. पण काम चोख असतानाही नेमकं हेच घडू शकतं.

चांगलं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२.५ च्या वर असतो. त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हा थर दोन कारणांनी मोडतो. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून काँक्रीटची अल्कता घालवतो. दुसरं, समुद्राच्या हवेतून, खाऱ्या पाण्यातून किंवा बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठातून क्लोराइड आत जातं. मग गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडतो.

क्लोराइडच्या बाबतीत गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. गंजण्याची क्रिया विद्युत-रासायनिक असते. सळईचा एक भाग गंजतो तेव्हा त्याला जोडलेला शेजारचा भाग त्याच्या जिवावर वाचत असतो. तुम्ही गंजलेला भाग फोडून तिथे ताजं, अल्कधर्मी मॉर्टर भरलंत. तो भाग गंजायचा थांबला. शेजारच्या काँक्रीटमध्येही क्लोराइड साचलेलंच होतं, आता तिथल्या सळईला वाचवणारं कुणी उरलं नाही. तुमची दुरुस्ती टिकली आणि तिच्या कडेनं नवा गंज सुरू झाला, असं बहुधा झालं असावं.

म्हणून पोपडे मोजून निविदा काढायला माझा विरोध असतो. आधी पूर्ण गर्डरवर हातोडी वाजवून पोकळ आवाजाच्या जागा खुणावून घ्याव्यात. फिनॉल्फ्थॅलीन फवारून अल्कता किती खोलीपर्यंत नाहीशी झाली ते पाहावं, वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून क्लोराइड तपासावं. चौकटी आखून हाफ-सेल चाचणी करावी, म्हणजे जागोजागी सळईचा विद्युतदाब मोजावा. कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर वाचन उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खाली गेलं, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात, मग वरून काँक्रीट कितीही धडधाकट दिसो. दुरुस्ती करताना सळईच्या मागेही मॉर्टर जाईल इतकी जागा मोकळी करावी लागते, आणि क्लोराइड असेल तर दुरुस्तीच्या कडेनं सळईला जस्ताचे अ‍ॅनोड बांधतात. आता सळईऐवजी जस्त झिजतं. क्लोराइड सगळीकडेच पसरलं असेल तर बाहेरून विद्युतप्रवाह देणारी कॅथोडिक संरक्षण यंत्रणा विचारात घ्यावी.

जाता जाता : कार्बन डायऑक्साइड आत शिरण्याची खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. म्हणजे सळईवर ४० मिलिमीटरऐवजी २० मिलिमीटर आवरण राहिलं, तर सळईपर्यंत पोचायला निम्मा नव्हे, चौथाच हिस्सा काळ लागतो. सळईखाली ठोकळे लावायचा कंटाळा केला की त्याचा हिशेब असा चुकता होतो.

आणि गर्डरच्या टोकालाच पोपडे असतील, तर वर जाऊन एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे पुलाला लांब-आखूड होता यावं म्हणून ठेवलेली फट, बघा. पाणी बहुतेक वेळा तिथूनच येत असतं.

प्रश्न : रस्त्याचं नूतनीकरण करताना दर वेळी पुलावरही डांबराचा नवा थर चढतो. रस्ता गुळगुळीत होतो. यात पुलाचं काय बिघडतं?

हिशेब करून पाहा. ४० मीटरचा गाळा (दोन खांबांमधला भाग), ८.५ मीटर रुंदी, ५० मिलिमीटरचा थर : १७ घनमीटर डांबरी मिश्रण, म्हणजे सुमारे ३९ टन. भरलेला ट्रक पूल ओलांडून निघून जातो. हे ओझं अहोरात्र गर्डरवर बसून राहतं. असे दोन थर चढले की पुलाच्या मूळ आराखड्यात नसलेले जवळपास ७८ टन त्याच्यावर कायमचे आले.

अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातला आय-३५ डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ रोजी मिसिसिपी नदीत कोसळला आणि १३ जण मृत्युमुखी पडले. मूळ दोष आराखड्यात होता : पोलादी सांध्यांवरच्या काही गसेट प्लेटा (सांधा जोडून धरणारे पत्रे) जेवढ्या जाड हव्या होत्या त्याच्या निम्म्याच होत्या. तरीही पूल ४० वर्षं उभा राहिला. दरम्यान वरच्या स्लॅबची जाडी वाढवली गेली, कठडे बदलले, आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठीचं साहित्य व यंत्रंही पुलावरच होती. अंगातली उरलीसुरली ताकद या वजनांनी संपवली. जुन्या पुलावर काहीही चढवण्याआधी वजनाची बेरीज मांडा, हा आग्रह त्यासाठी.

थराचे इतरही उपद्रव आहेत. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडं बुजतात, कठड्याची उंची कमी होते आणि जॉइंट गाडले जातात. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की ४० मीटरचा गाळा साधारण १९ मिलिमीटर लांब-आखूड होतो. ही हालचाल डांबराखाली दाबून थांबत नाही. थर बरोबर जॉइंटवर फाटतो, फटीतलं पाणी खाली बेअरिंगवर (गर्डर ज्यावर टेकतो त्या आधारावर) आणि गर्डरच्या टोकावर पडत राहतं, आणि आपण पहिल्या प्रश्नातल्या पोपड्यांपाशी येतो.

योग्य पद्धत अशी : जुना थर यंत्राने खरवडून काढा, स्लॅब तपासा, जलरोधक पडदा टाका आणि आराखड्यात आहे तेवढ्याच जाडीचा थर द्या.

प्रश्न : पुलावर गाडी थांबली असताना शेजारून अवजड वाहन गेलं की पूल हलतो. धोका आहे का?

नुसत्या हलण्यानं घाबरू नका. भार आला की गर्डर वाकतो आणि गेला की सरळ होतो. माणसाच्या शरीराला अगदी बारीक कंपनही जाणवतं. लक्ष द्यायचं ते बदलाकडे. पूर्वी नसलेला धाडकन आवाज, कठड्याच्या रेषेत आलेला बाक, जॉइंटची एकाएकी रुंदावलेली किंवा पूर्ण मिटलेली फट. असं दिसलं तर तारखेसह छायाचित्र काढून संबंधित कार्यालयाला लेखी कळवा.

प्रश्न : एका वळणावर सतत अपघात होतात. रस्ता रुंद करा अशी मागणी आहे. त्यानं अपघात थांबतील?

वाढूही शकतात. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, आणि गाडीला वळणावर धरून ठेवायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. बाहेरच्या कडेला ७ टक्के उंची दिली तर ताशी ८० किलोमीटरसाठी सुमारे २३० मीटर त्रिज्या पुरते, १०० साठी ३६० मीटर लागते. आता २३० मीटरचं वळण तसंच ठेवून अलीकडचा सरळ पट्टा रुंद केला आणि लोक ८० ऐवजी ९५ नं येऊ लागले, तर गाडीला वळणावर धरून ठेवायला सुमारे ४० टक्के जास्त जोर लागेल. कोरड्या रस्त्यावर एखादे वेळी निभावेल, ओल्यावर कठीण आहे.

दुसरा मुद्दा दिसण्याचा. ताशी १०० किलोमीटर वेगानं येणाऱ्या चालकाला थांबायला साधारण १८० मीटर लागतात, त्यातले जवळजवळ ७० मीटर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच जातात. ताशी ६० ला ८० मीटर पुरतात. वळणाच्या आतल्या बाजूची झाडी, टेकाड किंवा फलक नजर अडवत असेल तर तेवढं हटवून जे साधतं, ते पूर्ण रुंदीकरणानं साधत नाही.

म्हणून आधी अपघातांच्या नोंदी प्रकारानुसार वेगळ्या करा. पावसातच होत असतील तर रस्त्याच्या आडव्या उताराची दिशा जिथे पालटते ती जागा पाहा. तिथे रस्ता क्षणभर सपाट असतो आणि पाणी साचतं. गाड्या रस्ता सोडून खाली जात असतील तर साइडपट्टी किती खचली आहे ते मोजा. समोरासमोर टकरा होत असतील तर मधोमध अडथळा हवा. स्वीडननं १९९८ पासून १३ मीटर रुंदीच्या अनेक जुन्या रस्त्यांवर मध्ये तारांचा कठडा घालून आलटून पालटून एका दिशेला दोन आणि दुसरीला एक अशा मार्गिका आखल्या. रस्त्याची रुंदी बहुतेक ठिकाणी तेवढीच राहिली, जीवघेणे अपघात मात्र खूपच घटले.

प्रश्न : मी ट्रकमालक आहे. दहा-वीस टक्के जास्त माल भरला म्हणून रस्ता मोडतो का?

एका फेरीत नाही. पण १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावाजवळ खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही वापरतात : रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घातानं वाढते. २० टक्के जादा भार म्हणजे दुपटीहून थोडी जास्त झीज. पोलादी पुलांच्या थकव्यात (भार पुन्हा पुन्हा येऊन पोलादाला तडे जाण्यात) हा घात साधारण तीन धरतात, म्हणजे पावणेदोन पटीच्या आसपास. पुलावरचा भारमर्यादेचा फलक तर सगळ्यांत कमजोर भागाचा हिशेब करून लावलेला असतो. तिथे सवलत मागू नका.

प्रश्न : पूर ओसरल्यावर पुलाच्या खांबांची पाहणी केली. पाया मातीत व्यवस्थित झाकलेला दिसला. पूल लगेच खुला करावा का?

झाकलेला दिसला, यावर विसंबू नका. पुराच्या ऐन जोरात खांबाभोवती पाण्याचे भोवरे तळ खरवडून खड्डा पाडतात. पाणी ओसरताना त्याच खड्ड्यात सैल गाळ येऊन बसतो. वरून तळ पूर्वीसारखा दिसतो, पण त्या गाळाला पाया तोलण्याची ताकद नसते.

न्यूयॉर्क राज्यातला स्कोहारी क्रीकवरचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी पुरात पडला आणि १० माणसं गेली. त्याचे पाये उथळ होते, आणि त्यांभोवती टाकलेले संरक्षक दगड आधीच्या पुरांत वाहून गेल्यावर पुरेसे पुन्हा टाकले नव्हते.

लोखंडी गज खुपसून गाळ किती सैल आहे ते पाहा. नदीतळाच्या पातळ्या घेऊन जुन्या नोंदींशी ताडा. खांबाचा ओळंबा तपासा. खालच्या बाजूला वाळूउपसा चालू असेल तर तळ पुराशिवायही खाली जात असतो, हेही पाहा.

प्रश्न : पुलावर चढताना प्रत्येक वेळी धक्का बसतो. यावर डांबर टाकणं पुरेसं आहे?

काही महिने. पूल पक्क्या पायावर असतो, मागचा भराव खचत राहतो. भरावातून पाणी बाहेर काढणं, तो थराथरानं नीट दाबणं आणि जोडस्लॅब (भरावावरून पुलावर नेणारी काँक्रीटची लादी) घालणं ही खरी कामं.

प्रश्न : जुना पूल सुधारावा की पाडून नवा बांधावा, हे कसं ठरवतात?

उणीव कशात आहे यावर. नदीचं पाणी जायला जागाच अपुरी असेल तर गर्डर कितीही बळकट करून फायदा नाही. फक्त अरुंद असेल तर शेजारी नवा भाग जोडता येतो. मात्र नवं काँक्रीट आक्रसतं आणि नवा पाया बसतो, म्हणून मधली पट्टी काही काळानं भरावी.

ताकद कमी असेल तर कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवायचा सल्ला हमखास मिळतो. पट्ट्या चांगल्या आहेत, पण त्या चिकटवल्यानंतर येणाऱ्या भारातच वाटा उचलतात; पुलाचं स्वतःचं वजन आधीपासून जुन्या सळयांवरच आहे. खालचं काँक्रीट पोकळ असेल तर पट्टी काँक्रीटसकट सुटून येते. बाहेरून केबल ताणून दिलेला पूर्वताण मात्र कायमच्या वजनाचाही भार हलका करतो.

पूर्वताणित (आतल्या पोलादी तारा ताणून बळकट केलेल्या) पुलांबद्दल माझा कल अधिक सावध असतो, कारण मुख्य पोलाद दिसतच नाही. इटलीतल्या जिनोवाच्या मोरांदी पुलाचे ताण, म्हणजे मनोऱ्यांवरून पूल तोलून धरणाऱ्या तिरक्या केबल, काँक्रीटच्या आवरणात होते. त्याच्या एका मनोऱ्याचे ताण १९९० च्या दशकात बाहेरून केबल जोडून मजबूत केले होते. १४ ऑगस्ट २०१८ रोजी पडला तो मात्र वेगळा, मजबूत न केलेला मनोरा. ४३ जण दगावले. अशा पुलाच्या केबलनळ्या जागोजागी उघडून आत ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) नीट भरलंय का, तारा गंजल्या आहेत का, हे पाहिल्याशिवाय दुरुस्तीचा अंदाजखर्च मांडू नये. मूळ नकाशे मिळत नसतील तर आधी रडारनं सळया आणि नळ्या शोधून नकाशा तयार करून घ्यावा. हे काम ठेकेदार नेमण्याच्या आधीचं आहे.