फुकट वाटलेला अल्बम पहिल्या क्रमांकावर कसा येतो?

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत राहतो. त्याच्याकडे गेलो असताना जे-झी या अमेरिकन रॅपरचा ‘४:४४’ हा अल्बम त्याच्या गाडीत पुष्कळदा कानावर पडला. हा अल्बम एका मोबाइल कंपनीने आपल्या ग्राहकांना फुकट दिला होता आणि तरीही तो तिकडच्या यादीत पहिला आला, असे मुलाने सांगितले. जी वस्तू फुकट वाटली तिची विक्री मोजली कशी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर असे की, फुकट गेलेल्या प्रती त्या यादीने मोजल्याच नाहीत. अमेरिकेत अल्बमच्या यशाचा हिशेब दोन वेगळ्या वह्यांत ठेवला जातो आणि आपल्याकडे येणाऱ्या बातम्यांत त्या दोन्हींची सरमिसळ होते. पहिली वही ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाची, जिच्यात दर आठवड्याला २०० अल्बमची क्रमवारी लागते. दुसरी ‘रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका’ या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेची. ती संघटना दहा लाखांचा टप्पा ओलांडणाऱ्या अल्बमला ‘प्लॅटिनम’ ठरवते.

‘४:४४’ हा ३० जून २०१७ रोजी प्रकाशित झाला, तो केवळ ‘टायडल’ या स्ट्रीमिंग सेवेवर. ही सेवा जे-झीने २०१५ साली विकत घेतलेली होती आणि ‘स्प्रिंट’ने, म्हणजे आपल्या मुलाने सांगितलेल्या त्या मोबाइल कंपनीने, तिच्यात ३३ टक्के भागीदारी घेतली होती. ग्राहकाने पैसे मोजले नाहीत, तरी स्प्रिंटने प्रतींचे पैसे भरले होते आणि संघटनेच्या दृष्टीने ती विक्रीच झाली, त्यामुळे आठवडाही उलटला नाही तोच अल्बम प्लॅटिनम जाहीर झाला. एखादी बँक दिवाळी अंकाच्या हजार प्रती विकत घेऊन खातेदारांना भेट देते, तेव्हा प्रकाशकाच्या वहीत त्या हजार प्रती खपलेल्याच असतात. वाचकाने स्वतःहून दुकानात जाऊन किती अंक घेतले, हा हिशेब निराळा. बिलबोर्ड हा दुसरा हिशेब पाहते.

७ जुलैला अल्बम इतर सेवांवर आणि दुकानांत खुला झाला आणि २९ जुलै या तारखेच्या यादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर आला. त्या आठवड्याची नोंद २ लाख ६२ हजार एककांची आहे. त्यांतील १ लाख ७४ हजार ही पूर्ण अल्बमची प्रत्यक्ष विक्री होती आणि उरलेला भाग मुख्यतः स्ट्रीमिंगचा होता. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्ड १,५०० वेळा ऐकलेल्या गाण्यांना एका अल्बमच्या विक्रीइतके धरत असे, म्हणून तिथे ‘प्रती’ हा शब्द न वापरता ‘एकक’ म्हणावे लागते. जे-झीचा हा पहिला क्रमांक गाठणारा चौदावा अल्बम. बीटल्सचे असे १९ अल्बम आहेत, पण एकट्या कलावंतांत तेव्हा त्याच्या पुढे कोणी नव्हते. विशेष म्हणजे १९९६ सालचा त्याचा पहिला अल्बम, जो आज जाणकार रॅपच्या अव्वल कृतींत गणतात, तेविसाव्या क्रमांकाच्या वर कधीच सरकला नाही.

हा वादही नवा नव्हता. २०१३ मध्ये सॅमसंगने त्याच्याच एका अल्बमच्या दहा लाख प्रती प्रत्येकी पाच डॉलरने घेऊन वाटल्या, तेव्हा संघटनेने आपला नियम बदलला, बिलबोर्डने मात्र त्या प्रती मोजायला साफ नकार दिला. तोही अल्बम पुढे खऱ्या विक्रीवर पहिला आलाच.

प्रश्न : या अल्बममध्ये जुन्या गायकांचे तुकडे वापरलेले आहेत. ही उसनवारी नव्हे काय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : उसनवारी आहे, पण चोरी नाही. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा कापून, त्याची गती किंवा पट्टी बदलून त्यावर नवी रचना उभी करणे, ज्याला सॅम्पल म्हणतात, ही हिप-हॉपची मूळ रीतच आहे. त्यासाठी मूळ हक्कधारकाची परवानगी आणि मोबदला लागतो. येथील दहाही गाण्यांचे संगीत शिकागोच्या नो आय.डी. या संगीतनिर्मात्याने केले आहे. जे-झी एरवी काय ऐकतो, त्या गाण्यांची यादी त्याने मागवून घेतली आणि त्यांतूनच तुकडे निवडले. त्यामुळे निना सिमोन, स्टीव्ही वंडर, डॉनी हॅथवे, जमैकाची सिस्टर नॅन्सी हे सारे आवाज सजावटीसाठी आणल्यासारखे वाटत नाहीत, घरातल्या कपाटातून निघाल्यासारखे वाटतात.

‘द स्टोरी ऑफ ओ.जे.’ हे दुसरे गाणे नमुन्यादाखल पाहावे. त्यात निना सिमोनच्या १९६६ सालच्या एका गाण्याचा तुकडा आहे, आणि ते मूळ गाणे वेगवेगळ्या वर्णछटांच्या चार कृष्णवर्णीय स्त्रियांविषयीचे आहे. पैसा आला, कीर्ती आली, तरी अमेरिकेत माणसाचा रंग सुटत नाही, हे जे-झीचे म्हणणे तो आवाज आधीच मांडून ठेवतो. ‘मी काळा नाही, मी ओ.जे. आहे’ हे ओ.जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन फुटबॉलपटूच्या नावावर असलेले वाक्य जे-झी उच्चारतो, मग क्षणभर थांबतो आणि केवळ ‘ओके’ म्हणतो. त्या थांबण्यात जेवढा उपरोध आहे, तेवढा इतरांच्या अख्ख्या कडव्यात नसतो.

प्रश्न : रॅप हा विशीतल्या मुलांचा प्रकार, असा माझा समज होता. जवळपास पन्नाशीचा माणूस त्यात काय सांगणार? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जे-झीचा, म्हणजे शॉन कार्टरचा, जन्म डिसेंबर १९६९ चा, त्यामुळे हा अल्बम आला तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. या वयात बहुतेक रॅपर एक तर तरुणांची नक्कल करतात किंवा त्यांच्यावर खेकसतात. दुसऱ्या प्रकारचा थोडा सूर ‘४:४४’ मध्येही आहे आणि तो मला अल्बमचा कच्चा भाग वाटतो. बाकी मात्र हा माणूस आपल्या वयाचे बोलतो. ब्रुकलिनच्या डम्बो भागात पूर्वी वीस लाख डॉलरला मिळणारी इमारत घेतली नाही आणि आज तिची किंमत अडीच कोटी झाली, अशी चुटपुट तो एके ठिकाणी व्यक्त करतो. ‘तेव्हाच बाणेरला दोन गुंठे घेऊन ठेवायला हवे होते’ असे म्हणणारा मामा ज्यांच्या घरात आहे, त्यांना या ओळीचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही.

शीर्षकगीत त्याने पहाटे चार वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी जाग आल्यावर लिहिले असे तो सांगतो, आणि गाण्याची लांबीही तेवढीच, चार मिनिटे चव्वेचाळीस सेकंद आहे. त्यात तो पत्नीची, गायिका बियॉन्सेची, आपल्या बेइमानीबद्दल माफी मागतो. वर्षभर आधी बियॉन्सेने स्वतःच्या अल्बममध्ये नवऱ्याच्या दगाबाजीला वाचा फोडली होती, त्यामुळे ऐकणाऱ्यांना संदर्भ ठाऊकच होता. ज्या प्रकारात स्वतःची फुशारकी मारणे हाच पाया मानला जातो, त्यात एका बुजुर्गाने आपण नवरा म्हणून कुठे कमी पडलो याची उजळणी करावी आणि आपल्या मुलांना हे उद्या कळेल तेव्हा आपण काय सांगणार, असे विचारावे, हे मला विक्रीच्या आकड्यांहून अधिक धाडसाचे वाटते. ‘स्माइल’ या गाण्यात त्याची आई ग्लोरिया कार्टर समलिंगी असल्याचे तो उघडपणे सांगतो आणि गाण्याच्या अखेरीस तिची कविता तिच्याच आवाजात ऐकू येते. ग्रॅमीची आठ नामांकने या अल्बमला मिळाली आणि पुरस्कार एकही मिळाला नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर शेवटच्या, ‘लेगसी’ या गाण्यात सापडेल. ते सुरू होते तेव्हा त्याची पाच वर्षांची मुलगी ब्लू आयव्ही विचारते, “बाबा, मृत्युपत्र म्हणजे काय?” विशीतल्या रॅपरच्या घरात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्यानंतर डॉनी हॅथवेचा आवाज मागे चालू राहतो आणि बाप लेकीला पुढच्या पिढ्यांसाठी काय मागे ठेवायचे ते शांतपणे समजावत राहतो.