लिनक्सवर रेकॉर्डिंग मध्येच कोसळतं तेव्हा : वाचकांचे प्रश्न

(कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीत आणि सांगितलं नसेल तिथे लहान अक्षरांत करा.)

प्रश्न : उबुंटू २२.०४ असलेल्या लॅपटॉपवर मी ऑडॅसिटीत अभिवाचन रेकॉर्ड करते. रेकॉर्डचं बटण दाबलं किंवा थांबवलं की कधी विंडो गोठते, तर कधी प्रोग्राम सरळ नाहीसा होतो. दोनदा काढून पुन्हा टाकला, फरक नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : पुन्हा टाकून उपयोग झाला नाही, कारण दुखणं बहुधा ऑडॅसिटीच्या खालच्या थरात आहे. सगळ्यात खाली असतो अल्सा. तो कर्नलचाच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचाच) भाग असून साउंड कार्डाशी थेट बोलतो. त्याच्यावर, सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र करून कार्डाकडे नेणारा साउंड सर्व्हर बसतो. तुमच्या २२.०४ मध्ये तो पल्सऑडिओ आहे, २२.१० पासून उबुंटूने पाइपवायर घेतला. ऑडॅसिटी पोर्टऑडिओ नावाच्या लायब्ररीमार्फत अल्साला हाक मारते आणि अल्साचं ‘डीफॉल्ट’ उपकरण ती हाक परत वर पल्सऑडिओकडे वळवतं. या वळणावर बफरच्या (आवाज थोडा वेळ साठवून ठेवणाऱ्या जागेच्या) वेळांचा मेळ बसला नाही, की नेमकं सुरू करताना किंवा थांबवताना प्रोग्राम अडकतो.

आधी टर्मिनल उघडून ‘एन्व्ह पल्स_लेटन्सी_एमसेक=३० ऑडॅसिटी’ असं चालवा. बरोबरच्या चिन्हाआधीचं नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत हवं, फक्त ‘एन्व्ह’ लहान. पल्सऑडिओने ३० मिलिसेकंदांचा बफर धरावा, एवढाच याचा अर्थ. गोठणं थांबलं तर ऑडॅसिटीची डेस्कटॉप फाइल (मेनूतून ती सुरू करून देणारी) तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘.लोकल/शेअर/अॅप्लिकेशन्स’मध्ये कॉपी करा आणि तिच्या ‘एक्झेक’ ओळीत हाच मजकूर घाला. मग रोज टर्मिनल उघडावं लागणार नाही.

एवढ्याने भागलं नाही तर ऑडॅसिटीतली उपकरणांची यादी बघा. ‘डीफॉल्ट’ आणि ‘पल्स’ सर्व्हरमार्गे जातात. ‘एचडब्ल्यू:०,०’ सारखी नावं थेट कार्डावर जातात, आणि बहुतेक कार्डं तशा वेळी एकाच प्रोग्रामला आत घेतात. ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ चालू असेल तर कार्ड पल्सऑडिओच्या ताब्यात असतं आणि ऑडॅसिटीला ‘डिव्हाइस बिझी’ म्हणून दार बंद मिळतं. कार्ड कोणी धरलंय ते ‘फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*’ सांगतं. थेट कार्डच वापरायचं असेल तर ‘पासस्पेंडर -- ऑडॅसिटी’ (पी-ए आणि पुढे सस्पेंडर, सलग) चालवा. ऑडॅसिटी बंद होईपर्यंत पल्सऑडिओ बाजूला राहील, म्हणजे बाकीचे प्रोग्राम तेवढा वेळ मुके होतील. पाइपवायर असलेल्या यंत्रावर ही युक्ती चालत नाही. तिथे पाव्हूकंट्रोल या ध्वनी-नियंत्रणाच्या प्रोग्रामच्या शेवटच्या टॅबमध्ये त्या कार्डाचं प्रोफाइल ‘ऑफ’ करावं लागतं.

यूएसबी माइक ऑडॅसिटी उघडल्यानंतर जोडला असेल तर ‘रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस’ करा. उपकरणं ऑडॅसिटी सुरू होतानाच मोजून ठेवते. रेकॉर्डिंग चालू असताना तो उपटू तर अजिबात नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : कोसळल्यानंतर पुन्हा उघडताना रिकव्हरीचा प्रश्न येतो, तिथे घाईने ‘डिस्कार्ड’ दाबू नका. ३.० आवृत्तीपासून सगळा प्रोजेक्ट एकाच ‘एयूपी३’ फाइलमध्ये असतो. तिच्याशेजारी नावाच्या शेवटी ‘डब्ल्यूएएल’ असलेली फाइल दिसली तर ती कचरा नव्हे. शेवटी रेकॉर्ड झालेला भाग मुख्य फाइलमध्ये जायचा राहून तिच्यातच असू शकतो. दोन्ही फाइली एकत्रच कॉपी करा.

प्रश्न : फेडोरा लिनक्सवर आर्डर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या प्रोग्राममध्ये गिटारचं प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारा जोड-प्रोग्राम) लावलं की काही मिनिटांत आर्डर बंद पडतो. टर्मिनलमध्ये ‘सीपीयू टाइम लिमिट एक्सीडेड’ एवढंच दिसतं. प्रोसेसर तर बराच मोकळा असतो. – एक वाचक, पुणे

उत्तर : ही ओळ दिसली हे चांगलंच झालं, कारण ती थेट कारण सांगते. फेडोरा ३४ पासून पाइपवायर आहे आणि आर्डरचा ध्वनी हाताळणारा धागा (थ्रेड) रिअलटाइम प्राधान्याने, म्हणजे इतर कामांच्या आधी प्रोसेसर मिळवून चालतो. हे प्राधान्य सहसा आरटीकिट या सेवेकडून मिळतं, आणि ते देताना आरटीकिट अट घालतं : मध्ये एकदाही न थांबता सलग २०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ प्रोसेसर धरायचा नाही. अट मोडली की कर्नल आधी ताकीद देणारा सिग्नल पाठवतो, आणि तो सांभाळला गेला नाही तर प्रोग्राम तिथेच संपतो. प्रोसेसर एकूणात मोकळा असला तरी एकच कोअर एका प्लगइनने अडवला तर हेच होणार.

म्हणून पहिला संशय प्लगइनवरच घ्या. सगळी प्लगइन बंद ठेवून सेशन उघडा आणि एकेक चालू करत जा. त्याच वेळी दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालू ठेवा. ‘ईआरआर’ स्तंभातला आकडा ज्या प्लगइननंतर भराभर चढू लागेल, तोच दोषी.

प्लगइन फक्त जड असेल, बिघडलेलं नसेल, तर बफर वाढवून निभावतं. ४८,००० हर्ट्झला ६४ फ्रेमचा (आवाजाच्या नमुन्यांचा) बफर म्हणजे जेमतेम १.३ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३ आणि १०२४ म्हणजे २१.३. गिटार वाजवताना २५६ पुरेसे होतात, मिक्सिंगला खुशाल १०२४ ठेवा. कमांड : ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम १०२४’. शेवटी ० दिलं की पूर्ववत.

‘/इटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी’मध्ये फाइल करून ऑडिओ गटाला ‘आरटीप्रायो ९५’ आणि ‘मेमलॉक अनलिमिटेड’ देण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा नाही. स्वतःला त्या गटात घालून, पूर्ण लॉगआउट करून परत आल्यावर ‘यूलिमिट -आर’ने ९५ दाखवलं पाहिजे. पण ९९ देऊ नका, त्या पायरीवर कर्नलची स्वतःची कामं चालतात. शिवाय बिघडलेल्या प्लगइनवर हा उपाय नाही. असं प्राधान्य देऊन आरटीकिटची अट काढून टाकली तर आर्डरऐवजी अख्खं यंत्रच गोठल्यासारखं होईल.

प्रश्न : जॅकवर (ध्वनिकामासाठीच्या आणखी एका साउंड सर्व्हरवर) चालणारा प्रोग्राम ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणून लगेच बंद होतो. पाइपवायर तर चालू आहे.

उत्तर : यंत्रावर जुन्या जॅकची लायब्ररी आणि पाइपवायरची जॅक लायब्ररी, दोन्ही असतील. प्रोग्रामला पहिली सापडते आणि तो न चाललेला सर्व्हर शोधत बसतो. नावाआधी ‘पीडब्ल्यू-जॅक’ लावून चालवा.

प्रश्न : मदत मागताना नेमकं काय पाठवावं?

उत्तर : ‘कोसळतं’ एवढंच लिहून कुणालाही काही सांगता येत नाही. ‘पॅक्टल इन्फो’ (पी-ए-सी-टी-एल) मधली सर्व्हर नेमची ओळ पाठवा, म्हणजे पल्सऑडिओ की पाइपवायर ते कळतं. ‘जर्नलसीटीएल --युजर -यू पाइपवायर’ मधला कोसळण्याच्या मिनिटाभराचा भाग जोडा. मग ‘कोअरडंपसीटीएल इन्फो’ चालवा. उबुंटूवर त्यासाठी सिस्टिमडी-कोअरडंप आधी टाकावं लागतं, आणि त्यानंतर प्रोग्राम पुन्हा एकदा कोसळू द्यावा लागतो. त्यात पडलेल्या धाग्याच्या वरच्या चार-पाच ओळींत लायब्ररीचं नाव असतं. लिबअसाउंड असेल तर अल्साच्या बाजूने शोधा, लिबपल्स असेल तर सर्व्हरच्या. ‘एलव्ही२’ किंवा ‘व्हीएसटी’ (हे प्लगइनचे प्रकार) फोल्डरमधली फाइल दिसली, तर तक्रार प्लगइन बनवणाऱ्याकडे न्या.