लेकीला न्यूयॉर्क हवंय, बाबांना सीए

प्रश्न : माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मिस्टरांचा एपीएमसीत कांदा-बटाट्याचा गाळा आहे. अकरावीपासून तिला एमयूएनचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या (यूएनच्या) सभेची नक्कल करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या परिषदांचं वेड लागलंय. सप्टेंबरमध्ये जगभरचे नेते न्यूयॉर्कला जमले, की ही रात्र रात्र लॅपटॉपसमोर. आता म्हणते, कॉमर्स सोडून आर्ट्स घेते, मला यूएनमध्येच काम करायचंय. तिचे बाबा म्हणतात, बीकॉम कर, सीए कर, नाहीतर गाळ्यावर बस. त्यात एकांनी न्यूयॉर्कच्या दहा दिवसांच्या कार्यक्रमाचे अडीच लाख सांगितलेत. शेवटी यूएनची इंटर्नशिप केल्याचं सर्टिफिकेट मिळेल म्हणे. पैसे भरू का? पासपोर्ट आत्ताच काढून ठेवू का?
— एक आई, कोपरखैरणे

ताई, अडीच लाखांचं आधी सांगते, कारण असल्या लोकांची 'शेवटची तारीख' नेहमी परवाच असते. भरू नका. संयुक्त राष्ट्रं इंटर्नशिपसाठी किंवा नोकरीसाठी कुठल्याही टप्प्यावर एक पैसा घेत नाहीत. शिवाय त्यांच्या सचिवालयाच्या इंटर्नशिपला पदवीचं निदान शेवटचं वर्ष लागतं, म्हणजे बारावीच्या मुलीला ती मिळूच शकत नाही. (मिळाली तरी बिनपगारी असते, राहण्याखाण्याचा खर्च आपलाच. हेही कोणी सांगत नाही.) न्यूयॉर्कच्या मुख्यालयात तिकीट काढून पर्यटकांना फिरता येतं. त्या फेरीचे फोटो आणि एका खासगी कंपनीच्या सहीचा कागद, एवढं हातात पडेल. सर्टिफिकेटवर सही कोणाची असेल, ते त्यांना लेखी विचारा. फोन येणं बंद होईल.

आता मुलीकडे वळते. ती रात्री जागून बघते ती संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची सर्वसाधारण चर्चा. न्यूयॉर्कला सकाळी नऊला सुरू होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, म्हणून जागरण. 193 सदस्य देश. प्रथेप्रमाणे पहिलं भाषण ब्राझीलचं, मग यजमान अमेरिका. प्रत्येकाला 15 मिनिटं ठरवून दिलेली, पाळणारे थोडे. त्या हिरव्या संगमरवरासमोर उभं राहायचं तिच्या मनात असेल तर स्पष्ट सांगते: तिथे राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान आणि मंत्री उभे राहतात, त्या जागेची भरती निघत नाही.

पण तिला सांगा, पुढच्या वेळी दिवसाची भाषणं संपल्यावर लगेच लॅपटॉप मिटू नकोस. तेव्हा 'उत्तर देण्याचा अधिकार' सुरू होतो. एखाद्या देशाने दुसऱ्यावर आरोप केले असतील, तर त्या देशाचा प्रतिनिधी आपल्या जागेवरूनच उत्तर देतो. पहिल्या वेळी 10 मिनिटं, दुसऱ्या वेळी 5. नेतेमंडळी तोवर हॉटेलवर गेलेली असतात, सभागृह बरंचसं रिकामं असतं, आणि माईक एखाद्या तरुण अधिकाऱ्यासमोर असतो. सप्टेंबर 2021 मध्ये पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांना भारताचं उत्तर दिलं ते स्नेहा दुबे यांनी. हुद्दा प्रथम सचिव, परराष्ट्र सेवेची 2012 ची बॅच, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि मग दिल्लीच्या जेएनयूत. ही खुर्ची परीक्षा देऊन मिळते.

आणि तीसुद्धा वर्षातली काही मिनिटंच. बाकीचं काम मसुद्यांचं असतं. कुठल्याही मोठ्या परिषदेचा मसुदा आधी चौकटी कंसांनी भरलेला असतो. ज्यावर एकमत नाही तो प्रत्येक शब्द कंसात. अधिकारी समितीच्या खोलीत बसून एकेक कंस सोडवतात. 2023 च्या दिल्लीच्या जी-20 परिषदेत युक्रेनवरच्या परिच्छेदांवर सगळं अडलं होतं. भारताचे शेर्पा, म्हणजे पंतप्रधानांच्या वतीने वाटाघाटी करणारे प्रतिनिधी, अमिताभ कांत यांनी नंतर सांगितलं, की 200 तासांहून जास्त वाटाघाटी, 300 द्विपक्षीय बैठका आणि 15 मसुदे लागले, तेव्हा 9 सप्टेंबरला जाहीरनामा संमत झाला. टीव्हीवर आपल्याला टाळ्या दिसल्या. ज्याला पंधराव्या मसुद्यातला स्वल्पविराम पहिल्या मसुद्याइतक्याच गांभीर्याने तपासता येतो, त्याचं हे काम आहे. एमयूएनमध्ये बोलायची भीड जाते, कामकाजाचे नियम कळतात, ते चांगलंच. पण तिथे बक्षीस मिळतं ते बहुतेक वेळा भाषणाला. दर महिन्याला नवीन एमयूएनची फी भरायची गरज नाही, वर्षातून एखादं पुरे.

आता तुमच्या मिस्टरांविषयी. पत्रात तुम्ही त्यांना विरोधी बाकावर बसवलंय, पण माझ्या मते या विषयातलं घरातलं सगळ्यात जाणतं माणूस तेच आहेत.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे 2024 पर्यंत चालली. त्या महिन्यांत भाव कसे घसरले, नाशिकहून आलेल्या गाड्यांचं काय झालं, निर्यातदारांचे फोन कसे बंद झाले, हे त्यांना तोंडपाठ असेल. आता तीच गोष्ट दिल्लीतून बघा. बंदी चालू असतानाच सरकारने काही देशांना ठरावीक माल सोडला. बांगलादेशाला 50,000 टन, संयुक्त अरब अमिरातींना 14,400 टन. हा कोटा परराष्ट्र संबंध बघून ठरतो. त्याआधी 2019 मध्ये अशीच अचानक बंदी आली, तेव्हा बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत व्यापाऱ्यांच्या सभेत हसत हसत म्हणाल्या होत्या, की मी आमच्या आचाऱ्याला सांगितलंय, आता कांद्याशिवाय स्वयंपाक कर. पुढच्या वेळी जरा आधी कळवा. सभागृह हसलं, पण भर सभेत केलेली ती राजनैतिक तक्रारच होती.

याच्याही वर जिनिव्हात जागतिक व्यापार संघटना आहे. सदस्य 166, निर्णय सहमतीने, त्यामुळे एक जरी देश अडून बसला तरी गाडी थांबते. निर्यातबंदी घालू नये असा तिथला मूळ नियम, पण देशात अन्नपदार्थांची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती घालता येते. 'गंभीर' म्हणजे किती आणि 'तात्पुरती' म्हणजे कुठवर, यावर देशांचे प्रतिनिधी वर्षानुवर्षं भांडतात. तुमच्या लेकीने एक महिनाभर पहाटे बाबांबरोबर मार्केटला जावं, आवक आणि भाव वहीत टिपावेत, आणि शेजारी त्या दिवशी सरकारची कुठली अधिसूचना निघाली ते लिहावं. बारावीच्या परीक्षेनंतर, आत्ता नाही. तिच्या वयाच्या किती मुलामुलींना हे घरबसल्या मिळतं? माझ्याकडे ठाण्याला नौपाड्यात सल्ला घ्यायला येणारी बहुतेक मुलं 'मला जागतिक प्रश्नांवर काम करायचंय' म्हणतात. कुठला प्रश्न, असं विचारलं की गप्प होतात.

आपल्या ठाण्यात महापालिकेची स्पर्धा परीक्षांची संस्था आहे, चिंतामणराव देशमुखांच्या नावाची. देशमुख अर्थमंत्री होते एवढं मुलांना माहीत असतं. जुलै 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला 44 देश जमले आणि नाणेनिधी व जागतिक बँकेची मांडणी झाली, त्या परिषदेच्या भारतीय शिष्टमंडळात ते होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून गेले होते. देश पारतंत्र्यात, शिष्टमंडळाचा प्रमुख इंग्रज, आणि युद्धकाळात ब्रिटनकडे अडकलेले भारताचे स्टर्लिंगचे (पौंडांतले) पैसे परत कसे मिळणार, हा प्रश्न भारताच्या बाजूने तिथे मांडला गेला. रोह्यात वाढलेल्या या माणसाला त्या टेबलावर जागा मिळाली ती पैशाचा व्यवहार कळत होता म्हणून.

म्हणून कॉमर्स अर्ध्यावर सोडू देऊ नका. बारावी कॉमर्सवरून बीए अर्थशास्त्राला प्रवेश मिळतो, तो मला तिच्यासाठी सगळ्यात योग्य वाटतो. सोबत राज्यशास्त्र घ्यावं. पुढे एमएला जेएनयूचं आंतरराष्ट्रीय अभ्यास संकुल आहे, मुंबई विद्यापीठात कलिन्याला राज्यशास्त्राचा जुना विभाग आहे. परदेशातल्या एमएसाठी गाळा किंवा घर गहाण टाकणार असाल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी.

आणि बाबांच्या सीएची बाजूही मांडते, कारण त्यात दम आहे. 2014 ते 2020 या काळात भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) संयुक्त राष्ट्रांच्या लेखापरीक्षण मंडळावर होते. म्हणजे यूएनचे हिशेब तपासायला आपलेच अधिकारी जात होते. नागरी सेवा परीक्षेतून लेखा सेवेतही जाता येतं. आमसभेच्या सहा मुख्य समित्यांपैकी पाचवी प्रशासन आणि अंदाजपत्रकाची आहे. ताळेबंद वाचता येणारी मुत्सद्दी कोणत्याही शिष्टमंडळाला हवीच असते.

मुख्य रस्ता यूपीएससीचा. कुठलीही पदवी चालते, वय 21 ते 32, खुल्या गटाला सहा संधी, मुख्य परीक्षा मराठीतूनही देता येते. पण हजारेक जागांमध्ये परराष्ट्र सेवेच्या पन्नासच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. म्हणून शेजारचा रस्ता माहीत असू द्या: केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी; दहावीची नव्हे) पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी घेतात, आणि त्यांच्याही बदल्या परदेशातल्या दूतावासांत होतात. आपल्याकडचे क्लास याबद्दल फारसं बोलत नाहीत. पदवीनंतर मंत्रालयाची स्वतःची इंटर्नशिप आहे, वय 25 पर्यंत, महिना 10,000 रुपये मानधन. अडीच लाख देऊन मिळणाऱ्या कागदापेक्षा ही केव्हाही बरी.

थेट संयुक्त राष्ट्रांत जायचं तर तरुण व्यावसायिकांसाठी परीक्षा असते, वय 32 पर्यंत. मात्र कुठल्या देशांच्या नागरिकांना बसता येईल ती यादी दर वर्षी बदलते, तेव्हा आधी यादीत भारत आहे का ते बघायचं. इतर पदांना बहुधा पदव्युत्तर पदवी आणि दोन-पाच वर्षांचा अनुभव लागतो. सध्या तिथे हात आखडता आहे. 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत कापल्यावर निर्वासितांसाठी, अन्नपुरवठ्यासाठी काम करणाऱ्या यूएनच्या संस्थांनी हजारो पदं कमी केली. त्यामुळे फक्त यूएनच्या भरवशावर आयुष्य आखू नये, हे तिला तुम्हीच सांगा, बाबांनी सांगितलं तर भांडण होईल.

भाषा शिकायचीच असेल तर फ्रेंच, कारण सचिवालयाचं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं. मरीन लाइन्सला आलियाँस फ्राँसेज आहे. परीक्षा झाल्यावर सुट्टीत सुरुवात करावी. परराष्ट्र सेवेत निवड झाली तर एक परकी भाषा सरकार शिकवतंच, त्यामुळे घाई नाही.

पासपोर्ट काढायला हरकत नाही, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये सेवा केंद्र आहे. फक्त एक बघा: 15 ते 18 वयात अठरा पूर्ण होईपर्यंतचा पासपोर्ट घेता येतो किंवा पूर्ण फी भरून दहा वर्षांचा. दहा वर्षांचाच घ्या, नाहीतर वर्षभरात पुन्हा त्याच रांगेत उभं राहावं लागेल.