थँक्सगिव्हिंग नेमका कसला सण आहे? आपण त्या जेवणाला जावं का?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्येच इकडे अमेरिकेत शिकायला आलात, रूममेटच्या आईने थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला बोलावलंय, तुम्ही शाकाहारी आहात, आणि ओळखीतल्या कुणीतरी "तो मूळ रहिवाशांना मारल्याचा सण आहे, जाऊ नकोस" असं सांगून तुमच्या मनात किंतु घातलाय. अगदी हेच वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी माझ्या घरात ऐकलंय. त्यामुळे उत्तर लांबेल.

जा. हे आधी सांगून टाकते. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी एकत्र जेवून आभार मानायचा इकडचा सण.

माझे वडील, अण्णा, लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचे शेतकरी. इकडे एकदाच आले, ते नोव्हेंबरात. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. 1620 साली मेफ्लॉवर जहाजातून 102 माणसं इंग्लंडहून आली आणि त्यांनी जिथे वस्ती केली ते प्लिमथ आमच्यापासून गाडीने तासाभरावर आहे. गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या आजींकडे जेवण होतं, म्हणून सकाळी अण्णांना प्लिमथ दाखवून आणू असं ठरलं. बुधवारी रात्री कॅलिफोर्नियाहून दिरांचा फोन आला. "अण्णांना खुन्यांच्या पंगतीला बसवताय?" त्यांना इतिहास पुष्कळ माहीत आहे, वाचन मोठं आहे. मला त्या वेळी काही सुचलं नाही.

सकाळी आम्ही तिथल्या संग्रहालयात गेलो. इंग्रजांची लाकडी घरं अण्णांनी बघितली न बघितल्यासारखी केली आणि तिथले मूळ रहिवासी असलेल्या वाम्पानोआग लोकांच्या झाडाच्या सालीने शाकारलेल्या घरापाशी थांबले. बाजूला वाळलेल्या मक्याची ताटं उभी होती. एकेका मातीच्या उंचवट्यावर मका, त्याच्या ताटाला धरून चढलेला घेवड्याचा वेल, बुडात भोपळा. अण्णांनी वाळका वेल हातात धरून खालपर्यंत बघितला. "आपण ज्वारीत करडी घेतो तसंच की," म्हणाले. मी सांगितलं की पेरताना बुडाशी मासे पुरायचे, खत म्हणून, आणि इंग्रजांना यातलं काही येत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसं मेली होती. त्यांना हे टिस्क्वांटम नावाच्या माणसाने शिकवलं.

"त्याला विंग्रजी कसं येत होतं?"

मग सगळंच सांगावं लागलं. 1614 साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये गुलाम म्हणून विकलं. तिथून तो इंग्लंडला पोचला आणि 1619 मध्ये परत आला. त्याचं गाव पटुक्सेट. मधल्या काळात साथ येऊन गेली होती आणि गावात एकही माणूस उरला नव्हता. इंग्रजांनी वस्ती केली ती त्याच गावाच्या जागेवर, आधीच साफ केलेल्या रानात. शिवाय येतायेताच जवळच्या केप कॉड किनाऱ्यावर तिथल्या लोकांनी जमिनीत पुरून ठेवलेला मका त्यांनी उकरून नेला. पुढे त्याची भरपाई केली, हेही खरं.

"पेव फोडलं म्हणायचं," अण्णा म्हणाले. "आन् ते बियाणं व्हतं?"

होय, तेच त्यांनी पुढच्या वसंतात पेरलं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेतकऱ्याला बियाण्याची चोरी काय असते हे मी वेगळं सांगायला नको.

मग मी त्यांना 1621 च्या जेवणाचं सांगितलं. त्याबद्दल तेव्हाचा धड पुरावा म्हणजे एडवर्ड विन्स्लोचं त्या वर्षीच्या डिसेंबरातलं पत्र, तेही थोडक्यात. पीक निघालं, चार माणसं पाखरं मारायला गेली, आणि वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद माणसं घेऊन आला. तीन दिवस खाणंपिणं चाललं. त्यांनी पाच हरणं मारून आणली. आमंत्रण दिल्याचा शब्द त्या पत्रात नाही. इंग्रज उरले होते पन्नासेक.

अण्णांनी हिशेब मांडला. "शिवार त्येंचं, पेरायला शिकविलं त्येनी, हरणं आणली त्येनी. मंग यजमान कोण?"

हा प्रश्न मी त्याआधी कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. आमच्याकडे येळवस असते, वेळ अमावास्या. लातूर, धाराशिव, सोलापूरच्या पट्ट्यात मार्गशीर्षाच्या अमावास्येला सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप करायची, पांडव पुजायचे, मग भज्जी, उंडे आणि आंबील. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून पानावर बसवतात. तो दिवस पाळणाऱ्या माणसाला यजमान कोण आणि पाहुणा कोण हे कळायला पुस्तक लागत नाही.

दुपारी कोल्स हिलवर गेलो. टेकडीवर मॅसासॉइटचा पुतळा आहे. 1970 पासून दर थँक्सगिव्हिंगला तिथे मूळ रहिवासी राष्ट्रीय शोकदिन पाळतात. त्या वर्षी वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग माणसाला मेफ्लॉवरच्या साडेतीनशेव्या वर्षाच्या समारंभात भाषण करायला बोलावलं, त्याचं भाषण आधी वाचून नाकारलं, तिथून हे सुरू झालं. ढोल वाजत होता, माणसं एकेक करून बोलत होती. कितीतरी जण उपाशी असतात, मी अण्णांना सांगितलं. "सण आन् उपास येकाच दिवशी?" म्हणाले, टोपी काढली आणि त्या वाऱ्यात अर्धा तास उभे राहिले. मी दोनदा गाडीत चला म्हटलं, हलले नाहीत.

संध्याकाळी आजींकडे पंचवीस माणसं. पानं वाढल्यावर प्रत्येकाने कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं अशी तिथली रीत. नोकरी, तब्येत, नातवंडं. अण्णांची पाळी आली. "ज्यानं बी टोकायला शिकविलं त्येचं नाव घिऊन जेवू या," म्हणाले. मी भाषांतर केलं. आजींनी विचारलं, कोण? मी टिस्क्वांटमचं नाव सांगितलं, त्याच्या गावाचं सांगितलं. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं, मग सगळ्यांनी म्हटलं, मग जेवलो.

मी त्या टेबलाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दिरांनी खाली पुन्हा तेच दोन शब्द लिहिले, खुन्यांची पंगत. अण्णा तेव्हा माझ्या शेजारी बसून मक्याचा पाव खात होते. अण्णा आता नाहीत, पण ते दोन शब्द मी अजून विसरलेले नाही.

तर भाऊजी, आणि ज्यांनी तुम्हाला जाऊ नकोस म्हटलं ते, दोघांसाठी. खून झाले हे शंभर टक्के खरं. 1637 मध्ये मिस्टिकला इंग्रजांनी पेक्वाट या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांचं अख्खं गाव जाळलं. मॅसासॉइटच्याच मुलाला, मेटाकॉमला, 1676 मध्ये मारून त्याचं डोकं प्लिमथमध्ये खांबावर लावलं, ते कित्येक वर्षं तिथेच होतं. ज्याच्या बापाबरोबर जेवले, त्याचं. हे प्रत्येक मुलाला शाळेत सांगायला हवं. पण नोव्हेंबरातली ही सुट्टी त्यातून आलेली नाही. 1621 च्या जेवणाला खाणाऱ्यांनी स्वतः थँक्सगिव्हिंग म्हटलंच नव्हतं. त्यांच्या लेखी तो शब्द चर्चमधल्या प्रार्थनेच्या दिवसाचा. 1841 साली अलेक्झांडर यंग यांनी विन्स्लोचं पत्र छापताना तळटीपेत 'पहिलं थँक्सगिव्हिंग' लिहिलं, तिथून ही जोडणी झाली. अध्यक्ष वॉशिंग्टनने 1789 मध्ये एक दिवस जाहीर केला होता, पण दरवर्षीचा राष्ट्रीय सण झाला तो सारा जोसेफा हेल या संपादक बाईंमुळे. वेगवेगळी राज्यं वेगवेगळ्या दिवशी पाळायची, बाई वर्षानुवर्षं राज्यपालांना आणि अध्यक्षांना पत्रं लिहीत राहिल्या. शेवटी 1863 मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, अध्यक्ष लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. त्या युद्धातली गेटिसबर्गची मोठी लढाई होऊन तीन महिने झाले होते. चौथा गुरुवार कायद्याने ठरला 1941 मध्ये, कारण अध्यक्ष रूझवेल्टने दुकानदारांना नाताळच्या खरेदीसाठी जास्त दिवस मिळावेत म्हणून तारीख आठवडाभर अलीकडे ओढली आणि देशभर गोंधळ झाला.

माझं मत कुणाला आवडो न आवडो: सुट्टी घ्यायची, दुसऱ्या दिवशी सेलमध्ये टीव्ही घ्यायचा, आणि शेजारणीने प्रेमाने बोलावलं की तेवढ्यापुरता इतिहास आठवायचा, हे मला मान्य नाही. आठवायचंच असेल तर टेकडीवर जाऊन वाऱ्यात उभं राहावं आणि मग पानावर बसून नाव घ्यावं. अण्णांनी दोन्ही केलं.

एक सांगायचं राहिलं. सगळे मूळ रहिवासी शोकदिनच पाळतात असं नाही. पुष्कळ घरांत ते आपल्या माणसांबरोबर जेवतात, आणि वाम्पानोआगांची पिकाबद्दल आभार मानायची रीत इंग्रज येण्याआधीची, वर्षातून अनेकदा होणारी. कॅनडात हाच सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, त्याचा प्लिमथशी संबंध जोडू नका.

खाण्याचं: स्टफिंग, म्हणजे पावाचं सारण, टर्की पक्ष्याच्या पोटात शिजवलंय की वेगळं, आणि बटाटे कुस्करताना चिकनचं पाणी घातलंय का, हे रूममेटला आधीच विचारा. ऐन टेबलावर विचारलंत तर तिच्या आईला अवघडल्यासारखं होईल. ग्रेव्ही बहुधा टर्कीच्याच रसाची असते, तिला हात लावू नका. हाताने केलेलं काहीतरी न्या. मी भज्जी नेते, फ्रोझन तुरीचे दाणे, वाटाणे, मेथी, बेसन आणि आंबट ताक. आणि टिस्क्वांटमचा उच्चार जायच्या आधी दोन-चारदा करून ठेवा, पाळी आली की अडखळायला होतं.