रिपोर्ट हिरवा, आतून लाल

“मॅडम, कंपनी बुडतेय की माझंच डोकं फिरलंय, एवढंच सांगा.”

मी मनावरच्या ताणासाठी येणाऱ्यांशी बोलते, आणि पुण्यातल्या आयटीवाल्यांकडून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येतो. कंपनी दोन-तीन वर्षं तोट्यात असते, गुंतवणूकदार नवा सीईओ आणतात, तो आल्या आल्या दणके द्यायला लागतो आणि मधल्या फळीची झोप उडते. थांबावं की राजीनामा टाकावा? आज ज्या बाईंबद्दल लिहितेय, त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पंचेचाळिशीच्या पुढे, बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअरिंग मॅनेजर, हाताखाली तीसेक माणसं. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचं. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल निघालं, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. (क्रम हाच बरोबर. धडधड होतेय म्हणून ‘टेन्शन असेल’ असं स्वतःच ठरवून थेट माझ्याकडे येऊ नका.)

त्यांनी केलेलं सीईओंचं वर्णन काही राक्षसाचं नव्हतं. माणूस हुशार, स्वतः रात्रंदिवस राबणारा. पण सोमवारच्या रिव्ह्यूत ज्याचा प्रोजेक्ट लाल, म्हणजे मागे पडलेला, त्याची सगळ्यांदेखत बिनपाण्याने. “जमत नसेल तर सांगा, जमणारे पुष्कळ आहेत.” असे काही सोमवार गेले आणि सगळ्या प्रोजेक्टची स्थिती रंगांत दाखवणारा डॅशबोर्ड हिरवागार झाला. या क्षेत्रात अशा प्रोजेक्टला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं, आतून लाल. बाईंकडेही एक कलिंगड होतं. एका बँकेचं रिलीज, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, ठरल्या तारखेला जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी दर सोमवारी त्या ‘ऑन ट्रॅक’ म्हणत होत्या. पहाटे तीनला उठवत होतं ते हेच.

मी व्यवस्थापन शिकवत नाही. पण अशा वेळी नोकियाचं उदाहरण देते, कारण त्यात माझ्या कामाचं बरंच काही आहे. ‘आयफोन आला आणि नोकिया संपली’ इतकंच आपल्याला माहीत असतं. प्रत्यक्षात 2007 मध्ये, म्हणजे आयफोन आला त्या वर्षी, जगात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनपैकी जवळपास निम्मे नोकियाचे होते. पैसा होता, इंजिनिअर होते. क्वी हुई आणि टिमो वुओरी या अभ्यासकांनी 2005 ते 2010 या काळात आत काय चाललं होतं ते शोधायला 76 जणांच्या मुलाखती घेतल्या. वरचे अधिकारी, मधली फळी, इंजिनिअर, सगळे त्यात होते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भीती दिसते, आणि ती दोन तऱ्हांची. वरच्यांना धास्ती बाहेरची: स्पर्धक, शेअरधारक, तिमाहीचे आकडे. मधल्यांना धास्ती वरच्यांची. वरून ‘लवकर करा’, खालून ‘होईल’. सिंबियन ही आपली ऑपरेटिंग सिस्टीम पुरी पडणार नाही हे कळणारी माणसं कंपनीत होती, पण पूर्ण चित्र वर पोचत नव्हतं. वर बसलेल्या अनेकांना सॉफ्टवेअरची खोल जाण नव्हती. त्यामुळे ते ‘होईल’ त्यांना तपासताही येईना.

“म्हणजे आमचा सोमवार,” बाई म्हणाल्या.

पुढचा भागही त्यांना सांगितला, कारण सगळं उघड बोललं की प्रश्न सुटतो असं लगेच वाटायला लागतं. सप्टेंबर 2010 मध्ये स्टीफन एलॉप नोकियाचे सीईओ झाले. फेब्रुवारी 2011 मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं की आपण समुद्रातल्या तेल काढायच्या पेटत्या प्लॅटफॉर्मवर उभे आहोत. पत्र बाहेर फुटलं. पाठोपाठ सिंबियनऐवजी मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज फोन’ ही सिस्टीम घेणार असं जाहीर झालं, आणि तिच्यावर चालणारे नोकियाचे पहिले फोन बाजारात यायला वर्षअखेर उजाडली. जी सिस्टीम कंपनीनेच मोडीत काढली, तिचे फोन मधल्या काळात कोण घेणार? विक्री कोसळली. सप्टेंबर 2013 मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं ठरलं. घसरण आधीच सुरू होती, तिचं सगळं खापर एलॉप यांच्यावर फोडणं मला पटत नाही. पण हातात पर्याय तयार नसताना खरं बोलण्याची किंमत केवढी असते, ते तिथे दिसतं.

“मग कडक बॉस वाईटच का?” नाही. आयबीएमचा 1993 चा तोटा 8 अब्ज डॉलरच्या वर होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लू गर्स्टनर सीईओ म्हणून आले, तेही बिस्किटं आणि सिगारेट विकणाऱ्या कंपनीतून. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. मवाळ म्हणावा असा हा माणूस नव्हता. मात्र सुरुवातीच्या एका बैठकीत अधिकारी स्लाइडवर स्लाइड दाखवायला लागला, तेव्हा त्यांनी उठून प्रोजेक्टर बंद केला आणि ‘तुमच्या धंद्याबद्दल नुसतं बोलू या’ असं सुचवलं. कंपनीचे तुकडे करायचा आधीचा बेतही त्यांनी रद्द केला. नवा साहेब ओरडतो की गोड बोलतो, यावरून मी काही ठरवत नाही. वाईट बातमी घेऊन गेलेल्या पहिल्या माणसाचं पुढे काय झालं, ते बघायला सांगते.

मग मी बाईंना विचारलं, तुमच्या टीममधून शेवटची वाईट बातमी तुम्हाला कोणी दिली?

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. डेटा मायग्रेशनमधला, म्हणजे जुन्या सिस्टीममधली माहिती नव्या सिस्टीममध्ये हलवतानाचा, मोठा घोळ त्यांना टीमकडून कळलाच नव्हता, बँकेच्या माणसाचा फोन आला तेव्हा कळला होता. सोमवारची चंपी खाऊन त्या मंगळवारच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीला, ‘मला कारणं नकोत’ म्हणून उभ्या राहायच्या. सीईओंचं वाक्य, फक्त जरा सभ्य केलेलं. भीती अशीच पायरी-पायरीने उतरते, आणि आपण तिचे वाहक झालोय हे सगळ्यात शेवटी आपल्याला कळतं. बाईंना त्याची फार शरम वाटली. मला उलट बरं वाटलं, कारण सीईओ त्यांच्या हातात नव्हता, मंगळवार होता.

स्टँडअपचा पहिला प्रश्न बदलला: ‘काय अडलंय?’ उत्तर आलं की आधी ‘बरं झालं सांगितलंस’, मग ‘किती दिवस लागतील?’ पहिल्या आठवड्यात कोणी तोंड उघडलं नाही. नंतर एका नव्या मुलाने धीर केला. ऐकताना पोटात गोळा आला तरी चेहरा शांत ठेवायचा सराव आम्ही खोलीत अक्षरशः नाटकासारखा केला होता.

सीईओंना सांगायचंही तसंच बसवलं. सोमवारच्या सभेत नाही, त्याआधी एकट्याला गाठून. पहिल्या वाक्यात बातमी, दुसऱ्यात खरी तारीख, आणि लगेच दोन पर्याय, प्रत्येकाच्या खर्चासह. ते चिडले. “हे आत्ता सांगताय?” प्रश्न रास्तच होता. बाईंनी सबब दिली नाही. मग पर्यायांवर बोलणं झालं, बँकेला अर्धं काम आधी आणि उरलेलं नंतर द्यायचं ठरलं. साहेब बदलले का? नाही. पुढच्याच सोमवारी दुसऱ्या एका मॅनेजरची तशीच चंपी झाली. पण बाईंची झोप हळूहळू पूर्ववत झाली.

राजीनाम्याचं मात्र मी पहाटे तीनच्या मनःस्थितीत ठरवू देत नाही. घराचा हप्ता चालू, नोटीस पीरियड तीन महिन्यांचा. आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला, बायोडेटा अद्ययावत, मग विचार. कंपनी तरेल की नाही हे मला सांगता येत नाही, आणि तसं भाकीत मी करतही नाही.

बाई अजून तिथेच आहेत, इंटरव्ह्यूही देतायत. तिथे त्या एक प्रश्न हटकून विचारतात: मागचं रिलीज घसरलं तेव्हा ते वर कोणी सांगितलं, आणि तो माणूस आज कुठे आहे? एका ठिकाणच्या व्हाइस प्रेसिडेंटने हसून विषय बदलला. पगार आत्तापेक्षा बराच जास्त होता. बाईंनी ती ऑफर नाकारली.